नायट्रोजनचा हिशेब कोण मागणार?

डहाणूच्या खाडीकाठी उभी असलेली औष्णिक वीज केंद्राची चिमणी सुमारे २७५ मीटर उंच आहे. ५०० मेगावॉटचे हे केंद्र १९९५ मध्ये पूर्ण झाले. त्याआधीच, २० जून १९९१ रोजी, केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला होता. उद्योगांसाठी ५०० एकरांपेक्षा जास्त जमीन वापरायची नाही, तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा पट्टा सांभाळायचा, असे त्या अधिसूचनेत होते. ती पाळली जात नाही म्हणून पर्यावरणवादी बिट्टू सहगल सर्वोच्च न्यायालयात गेले. ३१ ऑक्टोबर १९९६ च्या निकालानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते पद त्यांच्याकडे होते.

या प्राधिकरणाने १९९९ मध्ये वीज केंद्राला सांगितले की, चिमणीतून जाणाऱ्या धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवा. ती बसायला आठ वर्षे लागली. मध्ये २००५ साली ३०० कोटी रुपयांची बँक हमी मागावी लागली, तेव्हा कुठे काम हलले आणि २००७ मध्ये यंत्रणा सुरू झाली. देशातल्या औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मानके त्यानंतर आठ वर्षांनी, डिसेंबर २०१५ मध्ये आली. दिल्लीला सुचायच्या आधी डहाणूने गंधकाचा हिशेब मागितला होता, चिकूच्या वाड्यांसाठी, भातासाठी आणि माणसांच्या फुप्फुसांसाठी. महाराष्ट्राच्या पर्यावरण इतिहासातली ही मोठी गोष्ट आहे आणि ती पुरेशी सांगितली जात नाही.

आज ती सांगण्याचे कारण दुसरे आहे. चिमणीतून वर जाणाऱ्या गंधकाचा हिशेब मागणाऱ्या या तालुक्याने आपल्या मोऱ्यांतून आणि शौचालयांतून खाली जाणाऱ्या नायट्रोजनचा हिशेब अजून मागितलेला नाही. शेजारच्या तलासरीनेही नाही. खरे तर महाराष्ट्रातल्या फारच थोड्या गावांनी तो मागितला असेल.

हिशेब अवघड नाही. प्रथिनांमध्ये वजनाच्या सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. डाळ, भात, मासे, अंडी मिळून माणूस दिवसाला ६० ग्रॅम प्रथिने खातो असे धरले, तर साडेनऊ ग्रॅमच्या आसपास नायट्रोजन पोटात जातो. मोठ्या माणसाच्या शरीरात तो साठून राहत नाही, जितका आत गेला तितका बाहेर पडतो आणि त्यातला बहुतांश लघवीतून. वर्षाला माणशी साडेतीन किलो. डहाणू शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पन्नास हजारांच्या घरात होती. म्हणजे वर्षाला १७५ टन नायट्रोजन. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नायट्रोजन असतो. त्या मापाने एकटे डहाणू शहर वर्षाला साडेआठ हजारांच्या आसपास गोण्यांइतका नायट्रोजन जमिनीत, गटारात आणि खाडीत सोडते. चिकूवाडीतला बागायतदार त्याच वेळी दुकानातून गोण्या विकत आणत असतो.

हा नायट्रोजन जातो कुठे? लहान शहरांत सगळीकडे असते तशीच इथलीही भिस्त सेप्टिक टाकी आणि शोषखड्ड्यावर आहे, आणि पाड्यांवर सरकारी योजनेतून झालेली खड्ड्यांची शौचालये आहेत. सेप्टिक टाकीबद्दल आपल्याकडे एक घट्ट समज आहे की, तिच्यात मैल्याचे पाणी ‘शुद्ध’ होते. तसे होत नाही. टाकीत जड गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी पुढे जाते. सेंद्रिय घाण त्यात तिसऱ्या हिश्शापासून फार तर निम्म्यापर्यंत कमी होते. नायट्रोजन जवळजवळ आहे तसाच अमोनियाच्या रूपात बाहेर पडतो. शोषखड्डा असेल तर तो जमिनीत मुरतो, तिथल्या जिवाणूंच्या हातून त्याचे नायट्रेट होते आणि नायट्रेट पाण्यात विरघळून विहिरीकडे, कूपनलिकेकडे निघते. शोषखड्डा नसेल तर टाकीचे पाणी थेट गटारात जाते. किनाऱ्याच्या गावांत पावसाळ्यात भूजल इतके वर येते की, खड्डा आणि विहीर यांच्यामधली कोरडी माती नावालाच उरते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडलेल्या पाण्यात वरचे दूध कालवून तान्ह्या बाळाला दिले तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, अंग निळसर पडते. विहिरीच्या पाण्यात जंतू आहेत की नाहीत हे आपण तपासतो, नायट्रेट तपासून घेणारी ग्रामपंचायत क्वचित सापडते.

पण टाकीतून फक्त पाणीच बाहेर पडत नाही. तळाशी बसलेला गाळ हवेविना कुजतो आणि मिथेन तयार होतो. टाकीच्या डोक्यावरची जाळी लावलेली नळी त्याचसाठी असते. हवामान बदलाच्या आंतरराष्ट्रीय समितीने, म्हणजे आयपीसीसीने, याचे ढोबळ गणित देऊन ठेवले आहे. भारतात माणशी रोज ३४ ग्रॅम इतकी जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे सेंद्रिय घाणीचे माप, सांडपाण्यात येते. तिच्या एका किलोमागे जास्तीत जास्त ६०० ग्रॅम मिथेन होऊ शकतो आणि सेप्टिक टाकीत त्याच्या निम्मा होतो असे धरायचे. उत्तर येते वर्षाला माणशी ३.७ किलो मिथेन. शंभर वर्षांच्या मापाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट तापवतो, म्हणजे माणशी शंभर किलो. पन्नास हजार माणसांचे शहर पूर्णपणे सेप्टिक टाक्यांवर असेल, तर वर्षाला पाच हजार टन कार्बन डायऑक्साइडइतके तापमान ते नुसत्या शौचालयांतून वाढवते. कोणत्याही चिमणीविना.

मग सांडपाणी शुद्धीकरण केंद्र बांधा, हे उत्तर तयार असते. ते बरोबर आहे, पण अर्धेच बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख आहे.

जिवाणूंकडून सांडपाणी स्वच्छ करून घेण्याची रीत १९१४ साली मँचेस्टरमध्ये अर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडली. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. म्हणजे ही विद्या भारतात यायला फारसा उशीर झाला नव्हता. मुळात ती सेंद्रिय घाण काढण्यासाठी होती. टाकीत हवा सोडायची, जिवाणू घाण खातात, वाढतात, त्यांचा गाळ खाली बसवायचा. नायट्रोजन काढायचा असेल तर याच टाक्यांमधून दोन अगदी उलट्या स्वभावाची कामे करून घ्यावी लागतात. पहिल्या कामाला भरपूर हवा लागते. जिवाणूंची एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचे नायट्रेट. एक किलो अमोनिया-नायट्रोजनसाठी साडेचार किलोंहून जास्त प्राणवायू लागतो, म्हणून हवा सोडणारे ब्लोअर चालू ठेवावे लागतात आणि विजेचे बिल चढते. दुसऱ्या कामाला हवा अजिबात नको. हवा बंद केली की, तिसऱ्या जातीचे जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरून श्वास घेतात, त्यासाठी सांडपाण्यातलीच घाण खातात आणि निरुपद्रवी नायट्रोजन वायू हवेत परत जातो. त्या हवेतूनच एके काळी खत कारखान्याने तो ओढून घेतला होता. हे दुसरे काम नीट जमवले तर पहिल्या कामाला लागलेल्या प्राणवायूचा निम्म्याहून अधिक भाग परत मिळतो, हे फार थोड्या नगरसेवकांना कुणी सांगितलेले असते.

अडचण शेवटच्या पायरीवर आहे. नायट्रेटपासून नायट्रोजन वायूपर्यंत जाताना मध्ये नायट्रस ऑक्साइड तयार होतो. त्याचे नायट्रोजनमध्ये रूपांतर करणारे विकर तांब्यावर चालते आणि प्राणवायू लागला की बंद पडते. हवाबंद टाकीत थोडी हवा शिरली, किंवा जिवाणूंना खायला घाण कमी पडली, की साखळी शेवटच्या पायरीआधीच तुटते आणि नायट्रस ऑक्साइड हवेत निघून जातो. उलट बाजूनेही तेच. हवेच्या टाकीत वीज वाचवण्यासाठी ब्लोअर मंद केला, तर अमोनियाचे काम अर्धवट होते, नायट्राइट साचते आणि पुन्हा तोच वायू तयार होतो. तो वातावरणात शंभर वर्षांहून जास्त टिकतो, कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो आणि वर ओझोनच्या थरालाही खातो. औद्योगिक काळापूर्वी हवेत त्याचे प्रमाण अब्जात २७० भाग होते, आता ते ३३५ च्या पुढे गेले आहे. त्यातला मोठा वाटा शेतीतल्या खताचा आहे हे खरे, पण सांडपाणी त्याच नायट्रोजनचा पुढचा मुक्काम आहे.

नेदरलँड्समधल्या क्रालिंगसेव्हर इथले शुद्धीकरण केंद्र पूर्ण झाकलेले आहे, त्यामुळे तिथून बाहेर पडणारा सगळा वायू मोजता येतो. संशोधकांनी तिथे वर्षाहून अधिक काळ सलग मोजणी केली. केंद्रात आलेल्या नायट्रोजनपैकी २.८ टक्के नायट्रस ऑक्साइड होऊन गेला आणि केंद्राच्या एकूण तापमानवाढीत तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा या एका वायूचा निघाला. वीज त्याच्या खूप मागे राहिली. उत्सर्जन महिन्यागणिक आणि दिवसाच्या वेळेगणिक इतके बदलत होते की, दोन-चार दिवसांची मोजणी करून निष्कर्ष काढला असता तर तो चुकलाच असता. आयपीसीसीने २००६ च्या आपल्या सूचनांमध्ये शुद्धीकरण केंद्रांचा हा वायू नगण्य धरला होता. २०१९ च्या सुधारणेत त्याच समितीने आत येणाऱ्या नायट्रोजनच्या १.६ टक्के असा आकडा घातला.

हा आकडा डहाणूच्या १७५ टनांना लावून पाहू. नायट्रस ऑक्साइड निघतो वर्षाला ४.४ टन, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या मापाने बाराशे टन. सेप्टिक टाक्यांच्या पाच हजार टनांपुढे हे कमीच. तेव्हा केंद्र नको असे म्हणायला जागा नाही. पण पाच हजारांवरून बाराशेवर यायचे की तीनशेवर, हे ब्लोअरशी उभा असलेला ऑपरेटर ठरवतो आणि त्याला काय मोजायला सांगितले आहे यावर ते ठरते.

आपण त्याला काय मोजायला सांगतो? नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने शुद्धीकरण केंद्रांसाठी कडक मानकांचा मसुदा काढला. त्यात एकूण नायट्रोजन लिटरला १० मिलिग्रॅम असा होता. १३ ऑक्टोबर २०१७ ला अंतिम अधिसूचना आली तेव्हा नायट्रोजन त्यातून गायब झाला. जैविक प्राणवायू मागणी मोठ्या शहरांत लिटरला २० मिलिग्रॅम, इतरत्र ३०, एवढ्यावर भागवले. नितीन शंकर देशपांडे यांनी त्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात दाद मागितली आणि ३० एप्रिल २०१९ च्या आदेशाने न्यायाधिकरणाने कडक मानके देशभर लावायला सांगितली, नायट्रोजनसह. कागदावरचा हा प्रवास एवढ्याचसाठी सांगितला की, निविदेत कोणते मानक लिहायचे याची पळवाट अनेकांना यातूनच सापडते. केवळ जैविक प्राणवायू मागणी मोजणाऱ्या केंद्रात ब्लोअर मंद ठेवून वीज वाचवणारा ऑपरेटर शाबासकी मिळवतो. अमोनिया अर्धवट राहिला हे कुणाच्या नोंदवहीत येत नाही आणि वायूची नोंदवहीच नसते. दोष त्या माणसाचा नाही, त्याला दिलेल्या कोष्टकाचा आहे.

आणि केंद्र न बांधता सगळे खाडीतच सोडले तर? समुद्र मोठा आहे, असे म्हणणारे लोक भेटतात. त्यांनी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले नक्वी आणि त्यांचे सहकारी यांचा २००० साली ‘नेचर’मध्ये आलेला शोधनिबंध समजून घ्यावा. पावसाळ्याच्या उत्तरार्धात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपतो. हे नैसर्गिक आहे. पण प्राणवायू संपलेला हा पट्टा तीव्र होत चालला असावा आणि जमिनीवरून येणारा नायट्रोजन त्याला हातभार लावत असावा, असे त्यांनी मांडले. त्या पाण्यात त्यांना नायट्रस ऑक्साइडचे जे प्रमाण मिळाले ते समुद्रात तोवर नोंदलेल्या सर्वांत मोठ्या आकड्यांपैकी होते. आयपीसीसीही आता दोन वेगळे आकडे देते. वाहत्या, निरोगी पाण्यात सोडलेल्या नायट्रोजनचा अर्धा टक्का नायट्रस ऑक्साइड होतो, गुदमरलेल्या खाडी-नदीत १.९ टक्के. म्हणजे खाडी मारली की तीच शुद्धीकरण केंद्रापेक्षा जास्त वायू सोडू लागते. डहाणूच्या खाडीत तिवरे आहेत, निवट्या आहेत, खेकडे आहेत, मांगेला मच्छीमारांच्या होड्या आहेत. तिवरांच्या चिखलातले जिवाणू नायट्रेट फुकट काढून देतात, पण त्यांनाही मर्यादा आहे. तलासरीचे पाणी वरोळी नदीतून उंबरगावकडे गुजरातेत उतरते. तिथल्या मच्छीमारांना तलासरीच्या नगर पंचायतीत मत देता येत नाही.

या प्रश्नाला महाराष्ट्रात एक जुने आणि अस्सल उत्तर आहे, ते आपण विसरत चाललो आहोत. डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर १९६० मध्ये देहूच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून आले. पोटाचे तेच ते आजार पुन्हा पुन्हा पाहून त्यांनी औषधांच्या जोडीला संडास हाती घेतले. कोकणात अप्पा पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरीत मैल्याचे खत करण्याचे जे काम उभे केले होते, त्याचा धागा मापुसकरांनी पुढे नेला आणि आपल्या संस्थेला अप्पांचेच नाव दिले. त्यांनी बनवलेल्या ‘मलप्रभा’ संयंत्रात शौचालयाचा मैला थेट जातो, मिथेन पकडला जातो आणि चुलीवर जळतो. जो वायू सेप्टिक टाकीच्या नळीतून हवेत जातो, तोच इथे भात शिजवतो. नायट्रोजन संयंत्रातून निघणाऱ्या रबडीत राहतो आणि शेतात परत जातो. त्याला उडवून लावण्यासाठी वीज लागत नाही आणि शेतकऱ्याला तेवढा युरिया कमी लागतो. २०१७ मध्ये मापुसकरांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पुरस्काराच्या बातम्या छापल्या गेल्या, संयंत्र मात्र आश्रमशाळांपर्यंत पोचायला हवे होते तेवढे पोचले नाही.

आश्रमशाळेचे नाव मुद्दाम घेतो. तलासरीत नव्वद टक्क्यांहून जास्त वस्ती आदिवासींची आहे, आणि वारली, धोडी, कोकणा मुलांच्या निवासी शाळा दोन्ही तालुक्यांत आहेत. चारशे मुलांच्या एका आश्रमशाळेतून वर्षाला टनभर नायट्रोजन बाहेर पडतो, म्हणजे युरियाच्या पन्नासएक गोण्यांइतका. तिथे स्वयंपाकघर आहे, बहुतेक ठिकाणी थोडी जमीन आहे. शहरात शंभर घरांच्या नळ्या जोडण्यापेक्षा इथे एक संयंत्र बसवणे सोपे आहे. मैल्यापासून झालेली रबडी नीट वाळवून, काही महिने मुरवून मगच वापरायची आणि शक्यतो फळझाडांना, पालेभाजीला नाही, एवढे पथ्य पाळावे लागते. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षण पाड्यावर नेले, त्याच टेकडीवर आज कृषी विज्ञान केंद्र आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या चिकूच्या झाडांना शहराच्या मैल्यापासून केलेले, तपासलेले खत किती द्यावे, कसे द्यावे, याचे प्रयोग करायला याहून योग्य जागा मला दिसत नाही.

शहरासाठी दुसरे उदाहरण वाईचे. २०१८ पासून वाई नगर परिषदेने सेप्टिक टाक्यांचा उपसा वेळापत्रकाने सुरू केला. टाकी तुंबली, घाण अंगणात आली की मैलागाडीला फोन करायचा, ही आपली पद्धत. वाईत गाडी दर तीन वर्षांनी पाळीपाळीने घरोघर येते, खर्च स्वच्छता करातून निघतो आणि मैला शुद्धीकरण केंद्रात जातो. सिन्नरनेही हाच मार्ग धरला. या शहरांना मदत अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने केली. टाकीत गाळ जितका जुना आणि जितका जास्त, तितका मिथेन, म्हणून वेळेवर उपसा हा हवामानासाठीही सर्वांत स्वस्त उपाय आहे. शिवाय दहा-पंधरा वर्षे न उपसलेल्या, दगड झालेल्या टाकीतच माणसाला उतरवले जाते. २०१३ च्या कायद्याने त्यावर बंदी आहे आणि तरी माणसे त्या वायूने मरतात. तीन वर्षांच्या गाळाला नळी पुरते, माणूस लागत नाही.

हे सगळे आत्ताच का? कारण डहाणू आता लहान राहणार नाही. तालुक्यातल्या वाढवणचे बंदर डहाणूच्या याच पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ मध्ये नाकारले होते. ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणाने अटी घालून मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला ७६ हजार कोटींहून मोठ्या खर्चाच्या या बंदराची पायाभरणी झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध कायम आहे आणि माझ्या मते त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे खूप आहे, तो स्वतंत्र लेखाचा विषय. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग तलासरी आणि डहाणूतून जातो, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग आहे, उपनगरी गाडी २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत येते. रस्ता, रूळ आणि बंदर आले की इमारती येतात, इमारतींबरोबर माणसे, आणि माणशी साडेतीन किलो नायट्रोजन. सूर्या प्रकल्पाच्या धामणी धरणाचे पाणी आधीच वसई-विरारकडे जाते, इथल्या वाढीव वस्तीलाही पाणी लागेलच. नवी केंद्रे बांधली जातील तेव्हा निविदा कशी लिहायची हे आत्ता ठरते, केंद्र उभे राहिल्यावर नाही.

गंधकाच्या वेळी डहाणूने जे केले तेच आता करायचे आहे. डहाणू नगर परिषद, तलासरी नगर पंचायत आणि प्रत्येक ग्रामसभेतल्या वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या गावात सांडपाण्याचा कोणताही प्रकल्प मंजुरीला आला, तर निविदेत एकूण नायट्रोजन १० मिलिग्रॅम लिहिला आहे का ते वाचा. अमोनिया, नायट्राइट आणि टाकीतला प्राणवायू रोज मोजून नोंदवण्याची अट आहे का ते पाहा, आणि नायट्रस ऑक्साइड वर्षभर मोजण्याची अट घालायला लावा. गाळाचे खत कोणत्या वाडीत जाणार हे लेखी मागा. विहिरीच्या पाण्यातले नायट्रेट पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा तपासून घ्या. आणि प्रकल्प येईल तेव्हा येवो, आपल्या घराची टाकी शेवटची कधी उपसली होती हे आज घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. तीन वर्षे उलटली असतील तर दिवाळी आटोपताच मैलागाडी बोलवा आणि मैला कुठे नेऊन ओतणार हे चालकाकडून समजून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.